कापलेला परिच्छेद

साधनाबाई खोब्रागडे कुरखेड्यात राहतात. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात त्या मनाला येईल त्या विषयावर लिहितात: टीव्हीवरची भांडणं, लग्नातले डीजे, शाळेतली रजिस्टरं, ग्रामपंचायतीची निवडणूक. वाचणारे थोडे, पण नेमाने वाचणारे.

डिसेंबरात तालुक्यात सांस्कृतिक महोत्सव झाला. भरवणारा पुढारी पुढच्या निवडणुकीला उभा राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जवळच्या एका गावच्या शाळेतल्या मुली त्यात रेला हे गोंडी नृत्य नाचल्या. बाई बघायला गेल्या होत्या. मुली सुंदर नाचल्या, हे त्यांनी लेखात मोकळेपणाने लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात मात्र लिहिलं, की गावात रेला नाचणाऱ्या बाया स्वतः गातात. इथे गाणं स्पीकरवर वाजत होतं आणि मुली तोंड मिटून पावलं टाकत होत्या. शिवाय या सरावापायी चौथीच्या वर्गात तीन आठवडे गणित झालं नाही. पोरांना भागाकार येत नाही.

अंक आला तेव्हा तो परिच्छेद नव्हता. वर मथळा होता, ‘महोत्सवाने उजळली संस्कृती’. पुढाऱ्याच्या माणसांनी लेख बाईंच्या फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. बसस्टँडवर लोक थांबवून अभिनंदन करू लागले.

बाईंनी संपादक भैयाजींना फोन लावला.

“शेवटचा भाग काऊन काढला?”

“जागाच नव्हती, बाई. ऐन वेळी जाहिरात आली.”

“कोणाची?”

“आता ते तुमाले माहीतच आहे.”

“मग पुढच्या अंकात खुलासा छापा. तो परिच्छेद जसाच्या तसा.”

“पाठवा. आतल्या पानावर घेतो.”

बाई खुलासा लिहायला बसल्या. दुसऱ्या दिवशी रश्मी आली. ती त्याच गावच्या शाळेची मुख्याध्यापिका, आणि कधीकाळची बाईंची विद्यार्थिनी.

“बाई, खुलासा देऊन राह्यल्या म्हणे तुम्ही?”

“हो.”

“नका देऊ. तुमचा लेख वाचून महोत्सववाले साहेब काल शाळेत आले होते, फोटो काढाले. दोन वर्ग व्हरांड्यात बसलेले दिसले त्याईले. तिथंच म्हणाले, खोली मंजूर करून देतो. चार वर्षांपासून अर्ज करून राह्यली मी.”

“अन् गणित?”

रश्मीने मान खाली घातली. “सराव वरून सांगितला होता. मले नाई म्हणता येत नव्हतं.”

बाईंना राग आला होता, पण तो रश्मीवर नव्हता. त्यांनी स्वतःही कित्येक पावसाळे व्हरांड्यात शिकवलं होतं. वाऱ्याबरोबर पाणी आत आलं की पोरं वह्या सदऱ्याखाली धरायची. त्या म्हणाल्या, “चौथीची पोरं मले दे. रोज दुपारी एक तास.”

खुलासा त्यांनी पाठवला नाही. आठवड्याने भैयाजींचा फोन आला.

“बाई, खुलासा नाई आला?”

“नाई पाठवत.”

“बरं झालं.”

“बरं झालं म्हणू नका,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जानेवारीत त्या शाळेत जाऊ लागल्या. रेल्यात पुढच्या ओळीत नाचलेली सोनू पहिल्याच दिवशी अडली.

“बाई, बारा भाकरी पाच जणाईले दिल्या तर दोन उरतात. त्याचं का करू?”

“उरू दे. त्याले बाकी म्हणतात. बाजूले लिहून ठेव.”

मार्चमध्ये खोलीचं भूमिपूजन झालं. पुढारी आला, कॅमेरे आले. रश्मी बाईंना बोलवायला वर्गात आली, तेव्हा सोनू फळ्याजवळ खडू घेऊन उभी होती आणि बाकीची पोरं तिचं उत्तर बरोबर येतं का ते बघत होती.

“एवढं झालं की येतो,” बाई म्हणाल्या.

गणित सुटेपर्यंत बाहेरचा कार्यक्रम आटोपला होता.