ठकीची दुपार

दुपारची जेवणं उरकली की तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घराची बेल वाजवायची नाही, असा त्या इमारतीत कुणी फलक लावला नव्हता. तरी पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे हे पाळत. त्या वेळी ड्रायव्हरकाका नातीला झोपवत असत.

काकांनी उभा जन्म बस चालवली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली, आणि बाळ दोन महिन्यांचं होतंय न होतंय तोच लेकीला ताप आला. साधाच ताप म्हणून तिने तो अंगावर काढला. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि आठवडा सरायच्या आत ती गेली. जावई यंत्रांच्या कारखान्यात कामाला. त्याच्या मागेपुढे कुणी नाही. काकांची निवृत्ती जवळ आली होती, तिची वाट न बघता त्यांनी नोकरी सोडली आणि बाळाला आपल्याकडेच ठेवून घेतलं. तिला ठकी म्हणायला लागले तेही तेच. जावई संध्याकाळी कामावरून येई, मुलीला मांडीवर घेऊन बसून राही, आणि रात्री तिथेच झोपे. दोघा पुरुषांत बोलणं असं फारसं होत नसे. बोलायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

रात्री ठकी बापाजवळ शहाण्यासारखी झोपे. दिवसा मात्र तिचं आणि झोपेचं वैर. डोळे लाल होत, मान टाकी, पण पाठ टेकवली की असा काही टाहो फोडी की खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून वर बघत. काकांनी पाळणा हलवला. रेडिओ लावला. एकदा अंगाई म्हणून बघितली. ठकी रडायची थांबली, तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि दुप्पट जोराने सुरू झाली.

"भाऊजी, झोप डोळ्यावरून उतरून गेल्यावर पाळणा हलवून काय उपयोग?" शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी तीन पोरं वाढवली होती. "कान चोळायला लागली की तीच वेळ. ती चुकली की मग बसा बोंबलत."

वेळ काकांना उमगली. बाकीचं त्यांचं त्यांनीच शोधलं. एका दुपारी तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालताना, थकून, नकळत त्यांच्या घशातून एक घरघर निघाली. थांब्यावर उभ्या असलेल्या बसचं इंजिन करतं तशी, एकसुरी, खोल. ठकीचा गाल त्यांच्या मानेला टेकलेला होता. ती गप्प झाली. काका घाबरून थांबले, तशी कुरकुरली. त्यांनी पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या फेरीला तिचा हात त्यांच्या पाठीवर लोंबकळायला लागला.

त्या दिवसापासून काकूंना चेष्टेला विषय मिळाला. दार किलकिलं करून त्या हळूच विचारत, "गाडी कुठवर आली?"

"चढावर आहे," काका ओठांनीच सांगत. किंवा, "डेपोत लागली."

ती झोपली की काका पाळण्याशेजारी जमिनीवरच बसून राहत. लेक लहान असताना ते पहाटे निघत आणि परत येत तेव्हा ती झोपलेली असे. तिला कधी झोपवलं होतं का, हे त्यांनी आठवून बघितलं होतं. आठवलं नव्हतं.

ठकी दहा महिन्यांची झाली तेव्हा एका सुटीच्या दिवशी जावई सकाळपासूनच अस्वस्थ होता. चहा झाला, कप विसळून झाले, तरी ओट्याशीच उभा राहिला.

"बाबा, माझी बदली झालीय. दुसऱ्या गावच्या कारखान्यात."

"बरं."

"आणि मी... लग्न करायचं म्हणतोय. तुम्हाला विचारल्याशिवाय हो म्हटलेलं नाही."

काकांनी ठकीच्या तोंडाची लाळ पुसली, मग काही नसतानाही पुन्हा पुसली.

"कोण आहे?"

"चष्म्याच्या दुकानात काम करते. मी चष्मा बदलायला गेलो होतो तिथे. तिचं पहिलं लग्न मोडलंय. मूलबाळ नाही."

"लेकरांची आवड आहे?"

जावई खरं बोलणारा माणूस. "घाबरते," तो म्हणाला. "म्हणते, मला जमलं नाही तर?"

हे उत्तर काकांना कुठेतरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. "कर," ते म्हणाले. "तुझं वय काय, पुढचं आयुष्य केवढं. पोरीलाही आई हवी." एवढं बोलून ते दूध आणायला खाली उतरले आणि दूध न घेताच परत आले.

लग्न चार माणसांत झालं. गाव सोडायला अजून काही दिवस होते, तेवढ्यात ठकीला सवय व्हावी म्हणून जावयाची नवी बायको रोज दुपारी दुकानातून सुटी घेऊन यायला लागली. उंच, सडपातळ, बोलायला हळू. चपला दाराबाहेर काढताना त्यांचा आवाज होणार नाही एवढी काळजी घेणारी. ठकीला ती दोन्ही हातांवर अशी धरी, जणू काचेचं भांडं कुणी तात्पुरतं सांभाळायला दिलंय. मुलांना हे लगेच कळतं. ठकी ताठ होई, मागे झुके आणि गळा काढी.

मग काका पुढे होत. "आण इकडे."

ठकी त्यांच्या खांद्यावर आली की दोन हुंदक्यांत शांत. ती बाई बाजूला उभी राहून बघत राही आणि काकांना, नको म्हटलं तरी, आतून गुदगुल्या झाल्यासारखं होई. पहिल्या दिवशी असंच झालं, दुसऱ्या दिवशी असंच. तिसऱ्या दिवशी तर तिने नुकतं घेतलं होतं, ठकीने ओठ काढला होता, एवढ्यातच त्यांनी हात पसरले.

ती गेल्यावर काकू आत आल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं होतं.

"भाऊजी, राग मानू नका. शिकवताय की हातचं राखताय?"

"मी काय राखलं? रडते पोर. रडू देऊ?"

"थोडं रडू द्यायला लागेल. तिकडे गेल्यावर तुम्ही नसणार. तेव्हा त्या दोघी मिळून रडतील, आणि ऐकायला कुणी नसेल."

काकू गेल्यावर काका बराच वेळ पाळण्याची दोरी हातात धरून बसले. खोटं बोलायची सोय नव्हती. ठकीने त्या बाईकडे जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. तिला ही बाई आवडली म्हणजे त्यांच्या लेकीची या जगातली शेवटची जागा कुणीतरी भरून टाकली, असं काहीसं त्यांच्या मनाने धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्यांनी तिला समोर बसवलं.

"ऐक पोरी. ती कान चोळेल. जांभईची वाट बघू नकोस, तोवर उशीर होतो. पडदा अर्धाच ओढ, पूर्ण अंधार केलास तर तिला संशय येतो. उभी धर, छातीला घट्ट. सैल धरलंस तर तिला वाटतं पडणार. हलवू नकोस, नुसती चाल. ठेवताना आधी पाय, मग पाठ, मग डोकं. आणि हात लगेच काढायचा नाही. एकेक बोट उचलायचं."

ती मान डोलवत होती. "आणि तो आवाज?"

"कसला?"

"तुम्ही काढता तो."

काकांनी काढून दाखवला. तिने करून बघितला. घसा खाकरल्यासारखं काहीतरी झालं. ठकी दचकली आणि ती बाई हसली. काकांनी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं. त्यांनाही हसू आलं.

"नाही जमणार तुला ते. तुझं तू बघ काहीतरी."

ठकीने कान चोळला. काकांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" ती घाबरून म्हणाली.

"खाली. मी इथे असलो तर तुला जमणार नाही. मलाही नाही."

रस्त्यापलीकडच्या थांब्यावरच्या बाकावर ते जाऊन बसले. ऊन रणरणत होतं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि ठकीचं रडणं रस्ता ओलांडून स्वच्छ ऐकू येत होतं. ते रडणं त्यांना पाठ होतं. आधी हट्टाचं, मग रागाचं. मग त्यांना शोधणारं. त्या सुराला एक उंच टोक असे, ते ऐकून काका दोनदा उठले आणि दोनदा बसले. एक बस आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने खिडकीतून हाक मारली, "काका, येताय का फेरी मारायला?" काकांनी नुसताच हात हलवला. बस गेली, धूळ बसली, रडणं चालूच होतं.

मग त्यात खंड पडायला लागले. मग नुसतेच हुंदके. मग काहीच नाही.

काकांना वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं झालंही. पण त्याच क्षणी छातीतून काहीतरी उपसून निघावं तसंही झालं, आणि भर रस्त्यात, ये-जा करणाऱ्या माणसांसमोर, त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. लेक गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा बाळ भुकेलं होतं, दूध गरम करायचं होतं.

वर गेले तेव्हा पडदा अर्धा ओढलेला होता. ती पाळण्याशी गुडघ्यांवर बसली होती, एक हात ठकीच्या पोटावर, चेहरा घामाने आणि रडून भिजलेला.

"काय केलंस?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"डोळे तपासायचा तक्ता असतो ना आमच्याकडे, तो वाचला. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालपर्यंत. एकेका ओळीला आवाज बारीक करत गेले. दुसरं काही सुचलंच नाही."

काका खाली बसले. थोड्या वेळाने तिने, त्यांच्याकडे न बघता, विचारलं, "हिची आई कशी झोपवायची हिला? मला सांगाल? मी तसंही करीन."

त्या दोन महिन्यांत काका कामावर जात होते. संध्याकाळी येत तेव्हा लेक दार उघडे, ओठांवर बोट ठेवून म्हणे, "हळू बाबा, आत्ताच डोळा लागलाय." तिने काय म्हटलं होतं, कुठल्या खांद्यावर घेतलं होतं, थोपटलं होतं की नुसतं कुशीत धरलं होतं, हे त्यांनी कधी बघितलं नाही, विचारलं नाही. आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ठकीला माहीत होतं, पण ठकी ते विसरून गेली होती.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कामावर असायचो."

ठकीच्या पोटावरचा हात तिने तसाच ठेवला, आणि दुसरा काकांच्या मनगटावर ठेवला.

त्या महिन्याच्या अखेरीस ती तिघं दुसऱ्या गावी गेली. सुरुवातीला तिचा दुपारी फोन येई: आज झोपली, आज उशिरा झोपली, आज दात येताहेत म्हणून त्रास देतेय. मग फोन दोन-तीन दिवसांनी यायला लागला. अडचण नसली की माणूस कशाला फोन करील, काकांनी स्वतःची समजूत घातली. पाळणा घडी घालून माळ्यावर टाकला. काकू दुपारी गप्पा मारायला येत. पण सवयीने दोघंही हळू आवाजातच बोलत.

थंडी सरता सरता काका भेटायला गेले. पोचले तेव्हा नेमकी दुपार होती. जावई कामावर होता. तिने दार उघडलं, आनंदली, वाकून पिशवी घेतली. ठकी तिच्या पायांमागे उभी होती. चालायला लागली होती. काकांनी हात पुढे केले, तशी तिने तोंड लपवलं.

"अगं, आजोबा आहेत."

"असू दे," काका म्हणाले. "झोपेची वेळ झालीय तिची."

ठकी कान चोळत नव्हती. आता ती दोन्ही हात वर करी. "आई," ती म्हणाली, आणि त्या बाईने तिला उचलून आत नेलं. काका बाहेरच्या खोलीत बसले. आतून अक्षरं ऐकू आली, आधी स्पष्ट, मग पुसट. मधल्या कुठल्याशा ओळीला ठकी झोपलीसुद्धा.

संध्याकाळपर्यंत ते थांबले. ठकी उठली, लांबूनच त्यांच्याकडे बघत खेळली. निघताना तिने टाटा केला, जसा ती खालच्या दुकानदारालाही करत असेल.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक बोलका माणूस बसला होता. "कुठून आलात?" त्याने विचारलं.

"लेकीकडून," काका म्हणाले.

"बरी आहे ना?"

"बरी आहे," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.