सत्त्याऐंशी नंबरची पूजा

बसा निवांत, पाव्हणं. सायखेड्याच्या झुंबरची गोष्ट सांगतो. पण चहा आधी संपवा, मधेच हसू आलं तर ठसका लागंल.

झुंबर द्राक्षबागेत लाकडी घोडीवर चढून मांडवाच्या तारेचा पीळ आवळत होता. पाखरं बुजावीत म्हणून त्यानं घरातल्या जुन्या सीड्या दोऱ्यानं जागोजाग टांगल्या होत्या. त्यातली एक वाऱ्यानं फिरली आणि खाली उभ्या नवसाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, तिच्यावरचा गणपती दिसला.

"झुंबऱ्या, ही वधू-वर मेळाव्याची हाय. पोरी टांगल्या व्हय रं बागंत?"

"आई, त्या पोरींची पोरं आता शाळेत जात असतील."

"तुझी कुठं जात्यात? काढ खाली."

झुंबर चाळिशीला टेकला होता. शेती करतो म्हटलं की पोरीकडचे चहा पिऊन उठायचे. हल्ली तर नवसाबाईनं विषय काढणंही सोडलं होतं. आज तिनं तो काढला, म्हणून झुंबरनं वाद घातला नाही. सीडी शर्टाला पुसली, आईला गाडीवर मागं घेतलं आणि हनीफभाईचं झेरॉक्सचं दुकान गाठलं. सीडी चालणारा कॉम्प्युटर गावात तेवढाच उरला होता.

सीडी घरघरली, अडली, पुन्हा फिरली. पडद्यावर एकेक मुलगी येऊ लागली. अपेक्षा सगळ्यांची एकच: सरकारी नोकरी, नाशकात फ्लॅट. सत्त्याऐंशी नंबरला हनीफभाईचा हात थांबला. पूजा, वणी, वय चोवीस, शिवणकाम. अपेक्षा: मुलगा हसरा असावा.

"लाव फोन," नवसाबाई म्हणाली.

"चौदा वर्षं झाली, आई."

"मग चौदा वर्षांत एकदा तरी लावला का?"

झुंबरनं लावला. हनीफभाईनं न विचारताच स्पीकर चालू केला. पलीकडं शिलाई मशीन धडधडत होती.

"सीडीवाले का?" बाई म्हणाली. "माझं लग्न झालंय. दोन पोरं हायेत. ठेवू?"

नवसाबाई स्टुलावर बसली. झुंबरनं माऊसची वायर उगाच बोटाला गुंडाळली.

"ठेवा ताई. एवढंच सांगायचं होतं, दोन वर्षं तुम्ही आमच्या बागंत टांगलेल्या होत्या. एक पाखरू फिरकलं नाय."

मशीन थांबली. मग बाई जी हसायला लागली, ती थांबेचना.

"माझं एक काम करा," दम घेऊन ती म्हणाली. "तुमच्या सीडीतून माझं नाव पुसा. अजून फोन येत्यात."

हनीफभाईनं मान हलवली. "नाय जमायचं. ही नुसती वाचायची सीडी. छापलं ते छापलं. पुसता येत नाय, नवं काही लिहिता येत नाय. वय पण चोवीसच राहणार."

"मग वय राहू द्या."

आता झुंबर हसला, पोट धरून. नवसाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. पोराचं असं हसणं तिनं कैक दिवसांत ऐकलं नव्हतं.

"हे कोण हसलं?"

"मीच, ताई."

"तुम्ही पण हायेत का सीडीत?"

हनीफभाईनं मुलांची पानं उघडली आणि वाचून दाखवलं, "झुंबर, सायखेडा, शेती. अपेक्षा: काही नाही."

"काहीच नाय?"

"ते आईनं सांगितलं होतं. मला कुणी इचारलंच नाय."

नवसाबाईनं त्याला कोपर मारलं.

"आणि आता इचारलं तर?"

झुंबरनं वायर सोडली, पुन्हा गुंडाळली. "तुम्ही लिहिलंय तेच लिहीन."

मशीन दोन टाके चालली आणि पुन्हा थांबली.

"रविवारी आईंना घेऊन या. गडाच्या रस्त्याला पिको-फॉलचं दुकान इचारा. आणि तेवढं ताई म्हणायचं सोडा."

"आणि ती दोन पोरं?"

"ती सीडीवाल्यांसाठी ठेवलीत."

तर पाव्हणं, पंगती उठल्या, वरमाईनं मिरवून घेतलं. ती सीडी आता देव्हाऱ्यात आहे. नवसाबाई रोज तिला हळदकुंकू लावते. पण तशाच सीड्या अजून घरोघर पडल्यात, आणि सगळ्यांत पूजा चोवीसची, बिनलग्नाची. फोन येतात, झुंबर उचलतो, आणि समोरच्याला वाटतं हा थापा मारतोय. सीडीत काही भर घालता येत नाही, तोंडानंच सांगावं लागतं. तुमच्या गावात कुणाकडं ती असली तर तेवढा निरोप द्या: सत्त्याऐंशी नंबरचं आता खरंच झालंय.