दाराची किंमत

भिवाजी गुरुजींनी फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली, तीसुद्धा तीन भाषांत. मराठी, तेलुगू आणि उर्दू. आदिलाबादच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं अक्षर ते. रस्त्यानं जाणारे थांबायचे, पाटी वाचायचे, अक्षराला मान डोलवायचे आणि पुढे चालू लागायचे. जे आत येत, तेही फार वेगळं काही करत नसत. खोल्या बघायचे, मनकर्णाबाईंच्या हातचा सांजा खायचे, वर चहा प्यायचे, "एकदम मजबूत बांधकाम आहे, गुरुजी," म्हणायचे आणि फोन करतो सांगून जायचे. उन्हाळ्यात लागलेली पाटी दसरा उलटला तरी जागची हलली नव्हती, आणि फोन म्हणाल तर एकाचाही नाही.

गुरुजींचं यावर ठाम मत होतं. "ज्याच्याजवळ अक्कल हाय त्याच्याजवळ पैसा नाई, अन् ज्याच्याजवळ पैसा हाय त्याले घरातलं काई समजत नाई."

मनकर्णाबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. घर विकायचं ठरलं ते त्यांच्यामुळेच. मागच्या थंडीत त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. गुरुजी तेव्हा पेन्शनर मंडळींच्या बैठकीत कुणाची तरी थकबाकी सोडवण्यात गुंतलेले. बाईंनी हाका मारल्या, पण रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या, ऐकणार कोण? गुरुजी जेवायला परत येईपर्यंत त्या गार फरशीवर तशाच पडून होत्या. हाड मोडलं नाही, पण मन धास्तावलं ते धास्तावलंच. त्यांची मुलगी प्रीती निर्मल गावी शिक्षिका होती. तिच्या घराला लागून, एकाच भिंतीचं, दोन खोल्यांचं घर विकाऊ होतं. भिंतीवर थाप मारली तरी लेक धावत येईल, एवढं जवळ. त्या घराचा मालक भला माणूस, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होता. दिवाळी आता दाराशी आली होती आणि इथे गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता.

किंमत गुरुजींनी लावली होती पासष्ट लाख. मुख्य रस्त्यावरचं एक घर तेवढ्याला गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. यांचं घर मुख्य रस्त्यापासून चांगलं दोन गल्ल्या आत. पण त्या दोन गल्ल्यांची भरपाई गुरुजींनी सागवानी चौकटींनी केली, विहिरीच्या गोड्या पाण्यानं केली, आणि तरीही जे कमी पडलं ते बांधकामाच्या वेळी स्वतः पहाटे उठून भिंतींना मारलेल्या पाण्यानं भरून काढलं. आता विकत घेणाऱ्याला ते पाणी कुठून दिसणार? पण गणित शिकवलेल्या माणसाला त्याच्या गणितातली चूक कोण दाखवणार?

दाखवायला हवी होती राघवेंद्रनं. तो या व्यवहारातला मध्यस्थ. आदिलाबादमधली निम्मी घरं त्याच्या हातून इकडची तिकडे झालेली. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर पहिल्याच आठवड्यात त्यानं घरातली खोट तोंडावर सांगितली असती. पण तो गुरुजींचा विद्यार्थी. आता पोट सुटलं होतं, केस विरळ झाले होते, तरी गुरुजींपुढे आला की हात आपोआप पाठीमागे जायचे. "बघू गुरुजी, येईल कुणीतरी," एवढंच बोलून तो मूग गिळून गप्प बसायचा.

एके दिवशी गुरुजी पेन्शनर मंडळींकडे गेलेले पाहून मनकर्णाबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि मागच्या पडवीत बसवलं. सांजा केला नव्हता. चहासुद्धा विचारला नाही.

"राघवेंद्रा, खरं सांग. लोक काऊन परत येऊन नाई राह्यले?"

"काकू, आता काय सांगू..."

"तुले सांगता येत नसन त त्यायलेच इचार. फोन लाव. आवाज मोठा कर. मी काई बोलत नाई."

राघवेंद्रनं जरा आढेवेढे घेतले, पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून फोन काढला. पहिला फोन एका कापूस व्यापाऱ्याला. तो हिंदीत म्हणाला, "घर तो बढ़िया है भाई, लेकिन साउथ फेसिंग है. और उस पे ये रेट? मास्टरजी से मुँह पे कैसे बोलता, उनके घर का नाश्ता खाया था." दुसरा फोन एका तेलुगू बाईंना. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत: घर फार आवडलं, स्वयंपाकघर तर फारच, पण दक्षिणेच्या दारातून सासूबाई पाऊल टाकणार नाहीत.

मनकर्णाबाईंना राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. दक्षिणेला यमाची दिशा म्हणणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते. तिसरा फोन मात्र करणला होता. करण तहसील कचेरीत कारकून, आपल्याच समाजातला, दर पौर्णिमेला विहारात वंदनेला येणारा. तो काय बोलणार म्हणून त्या सरसावून बसल्या.

"दादा, मी काई दिशाबिशा मानत नाई," करण म्हणाला. "पन उद्या मले घर विकाची येळ आली, त घेईन कोन? जे घर विकाले अडचन, ते पूर्‍या भावात मी काऊन घेऊ? आठ-दहा लाख कमी असते त त्याच दिवशी घेतलं असतं. आता दुसरीकडं बयाना देऊन बसलो."

फोन ठेवल्यावर राघवेंद्र खाली बघत म्हणाला, "काकू, तुमचा प्लॉट कोपऱ्यावरचा. पूर्वेलाही रस्ता आहे. दक्षिणेचं दार बंद करायचं, पूर्वेची खिडकी फोडून तिथे दार काढायचं. मिस्त्रीचं आठवड्याचं काम. मग पासष्ट नाही, पण साठाच्या वर नक्की मिळवून देतो."

संध्याकाळी गुरुजी आले. बाईंनी काहीही न लपवता सगळा पाढा वाचला. व्यापारी आणि सासूबाई ऐकताना गुरुजी हसले. करणचं ऐकल्यावर हसणं थांबलं. मग बाईंच्या पायाकडे बघत म्हणाले, "फिरवू दार."

मनकर्णाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्या माणसानं या दारापायी मिस्त्रीशी भांडण घेतलं, नातेवाइकांशी वाद घातले, तो हे म्हणतोय?

"फिरवू म्हनतो ना. तू त्या दिवशी फरशीवर पडून होती अन् मी तिकडं लोकायच्या थकबाकीचे अर्ज लिहून राह्यलो होतो. ते माह्या डोक्यातून जात नाई. तुले दिवाळीच्या आत प्रीतीच्या बाजूले न्यायचं म्हनजे न्यायचं. दाराचं काय घेऊन बसली?"

बाईंचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं इतकं सरळ प्रेम कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि दाखवलं तेही चौकट मोडायच्या निमित्तानं. पण त्यांनी मान हलवली.

"नाई फिरवायचं."

कारण ती चौकट त्यांच्या वडिलांनी उभी केली होती. घर बांधताना, असल्या दिशा मानायच्या नाहीत म्हणून गुरुजींनी मुद्दाम दक्षिणेकडे दार काढायचं ठरवलं तेव्हा मिस्त्री अडून बसला. उद्या या घरात काही वाईट झालं तर बोल माझ्यावर नको, म्हणाला आणि त्याची माणसंही हात झटकून बाजूला झाली. मनकर्णाबाईंचे वडील त्या दिवशी गावाहून लेकीचं घर बघायला आलेले. जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेलेला. त्यांनी धोतर खोचलं, सागवानी चौकटीला खांदा दिला आणि जावयाला म्हणाले, "धरा दुसऱ्या अंगानं. गावानं आमाले पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर दक्षिनेलेच ठेवलं. यम त्या रस्त्यानं येत असता त पयले आमालेच भेटला असता." सगळे हसले. शेवटी मिस्त्रीसुद्धा हसला आणि ओळंबा घेऊन पुढे आला.

"माह्या बापाच्या खांद्यावरची चौकट हाय ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घेनारा फिरवन त फिरवो, त्याचं घर. पन आपल्या हातानं नाई. आपन पैसे कमी घेऊ. दार ठेवाचं त दाराची किंमतबी आपनच द्याची."

गुरुजींना हे दार फिरवण्याहून अवघड गेलं. दोन दिवस ते आकडेमोड करत बसले. बासष्ट म्हणाले, मग साठ म्हणाले. बाईंनी दोन्ही वेळा नुसतं करणचं नाव घेतलं. शेवटी राघवेंद्रला बोलावून गुरुजींनी विचारलं, "माही भीड न ठेवता सांग. आहे तसं दार ठेवून या घराचं काय येईन?" राघवेंद्रनं एकदा काकूंकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींना सरळ उत्तर दिलं. "पंचावन्न, गुरुजी." गुरुजींनी डोळे मिटले. निर्मलचं घर त्यात बसत होतं. म्हातारपणासाठी बँकेत ठेवायची रक्कम मात्र बरीच आटणार होती. "लाव पंचावन्न," ते म्हणाले. "अन् दार दक्षिनेले हाय, हे पयलेच सांग. लोकायले घरी येऊन सांजा खाऊन अवघडल्यासारखं नको."

चार दिवसांत तीन कुटुंबं येऊन गेली. त्यातलं तिसरं होतं हर्षदीपचं. हर्षदीप बँकेत अधिकारी, बायको मयूरी आणि आई द्वारकाबाई. हर्षदीपनं कागद पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या, बँकेचं मूल्यांकनही याच्याच आसपास येईल असं म्हणाला. मयूरीनं विहीर पाहिली आणि पेरूचं झाड पाहिलं. पण खरा निकाल कुणाच्या हातात आहे हे मनकर्णाबाईंनी ओळखलं होतं. द्वारकाबाई उंबऱ्याच्या आत येऊन खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. त्यांनी घर पाहिलंच नाही. त्या मनकर्णाबाईंकडे बघत होत्या.

"बाई, एक इचारू का? राग नका मानू," त्या म्हणाल्या. "या घरात काई वाईट झालं का?"

राघवेंद्र मोबाइल बघू लागला.

"माहे वडील गेले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पन ते म्हातारे होऊन गेले, झोपीत. बाकी दोघंबी पोरं इथंच शिकली, नोकरीले लागली. लग्नं झाली."

"मग चांगलं घर सोडून काऊन चालले?"

गुरुजींनी घसा खाकरला. लेकीजवळ राहायला जातोय, एवढं सांगितलं तरी पुरे होतं, आणि ते खोटंही नव्हतं. राघवेंद्रनं डोळ्यांनीच काकूंना खूण केली. पडल्याचं सांगितलं की ही बाई तो दोष दाराच्या माथी मारणार, हे मनकर्णाबाईंना उमजत होतं. मग हेही गिऱ्हाईक जाणार, दिवाळी येणार आणि निर्मलचं घर दुसऱ्याचं होणार. पण उन्हाळ्यापासून लोकांनी आपल्याला तोंडदेखलं बोलून फिरवलं, आता आपणही तेच करायचं का?

"मी पडली," त्या म्हणाल्या. "मागच्या थंडीत, न्हाणीत. घरी कोनी नव्हतं. लय वेळ पडून होती. तवापासून एकटी राहाले भीती वाटते. पन बाई, दार दक्षिनेले हाय म्हनून नाई पडली. फरशी गुळगुळीत हाय म्हनून पडली."

गुरुजी खिडकीबाहेर बघत उभे राहिले. हर्षदीपनं कागद हळूच फाइलमध्ये सरकवायला घेतले.

द्वारकाबाईंनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग डावा हात पदरातून बाहेर काढून मनगट पुढे केलं. ते थोडं वाकडं बसलेलं होतं.

"मीबी पडली," त्या म्हणाल्या. "औंदा आखाडात. न्हाणीतच. अन् आमचं दार पूर्वेले हाय."

हसू पहिल्यांदा फुटलं ते मयूरीला, आणि मग सगळ्यांनाच. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"चाला, दाखवा मले ते न्हानी," म्हणत द्वारकाबाई उठल्या आणि त्यांनी आधारासाठी मनकर्णाबाईंचा हात धरला. "हर्षदीप, पयले ते फरशी बदलून घेजो. दाराचं मंग पाहू."