पायाळूची आई

कस्तुरानं दाराला आतून कडी घातली, घोंगडी अंथरली आणि ती हातापायांवर ओणवी झाली. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर काढायची, श्वास घेत हळूच खाली सोडायची. कंबरेत कळ उठली तसा तिनं पदराचा बोळा दातांत धरला. घोंगडीच्या कडेला पडलेलं बाळ तिच्याकडे टकामका बघत होतं. आपली आई अशी गुरासारखी का उभी आहे, हा प्रश्न त्याला पडला असलाच तर त्यानं तो बोलून दाखवला नाही.

सासू झुंबरबाई रानात गेली होती. ती यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. मग उताणं पडून गुडघे उभे करायचे आणि कंबर भुईला दाबून धरायची. मग बूड उचलून धरायचं. शेवटी एकेक गुडघा पोटाशी ओढून घ्यायचा. लुगडं नेसलेल्या बाईनं करायची ही कामं नव्हेत, असं कस्तुरालाही पहिल्या दिवशी वाटलंच होतं. लोणावळ्याच्या दवाखान्यात लीलाबाई नर्सनं ते करून दाखवलं तेव्हा तिनं लाजून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"बाळंतपणात पोट सैल पडतं आणि सगळा भार कंबरेवर येतो," लीलाबाई म्हणाली होती. "नुसतं तेल चोळून तो उतरायचा नाही. हे रोज करायचं. आणि काही उचलायचं झालं तर कंबरेत वाकू नका. गुडघ्यांत वाका, पाठ सरळ ठेवा."

"आन् सासूनं बगितलं म्हंजी?"

"मग सासूबाईंनाही शिकवा की!"

लीलाबाई हसली, कारण तिला कस्तुराच्या सासरची लोहगडवाडी ठाऊक नव्हती. कस्तुराचा नवरा सोपान रेल्वेत गँगमन होता, रूळ ठोकणारा साधा माणूस. मळवलीहून गाडीनं तोच तिला घेऊन गेला होता. परतताना तो एवढंच म्हणाला, "कर गपचिप. आईला नको सांगू, गावभर व्हईल." त्या गपचिपनंच पुढं सगळा घात केला, पण ते तेव्हा त्या दोघांना कसं कळावं!

झुंबरबाईचं औषध वेगळं होतं. बिब्बा झाला, निखाऱ्यांचा शेक झाला, एरंडाची पानं झाली, आणि आता तिनं पायाळू माणसाचा घोशा लावला होता. आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलेला तो पायाळू. त्याचा पाय कंबरेला लागला की चमक, उसण, सगळं पळतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासू पायाळू म्हणाली की कस्तुराचा भाकरी थापणारा हात थांबायचा. कारण पायाळू घरातच होता, तिच्या मांडीवर.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, सुदुंबऱ्याला झालं. दोन दिवस अडली होती ती. सुईण धोंडाबाईनं शेवटी पोर पायांना धरूनच ओढून काढलं, आणि कंबर गेली ती तेव्हाच. पोर रडल्यावर कस्तुराच्या आईनं धोंडाबाईला तुळशीपाशी नेऊन मातीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. हे माहेरच्या उंबऱ्याबाहेर जाणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भीती होती ती महिपतीची. महिपती म्हणजे कस्तुराचा चुलतसासरा, सगळ्या वाडीचा तात्या. आवाज मऊ, बैलावरसुद्धा हात न उचलणारा माणूस. पण गडाच्या पायथ्याला पुरलेलं धन आहे, या एका वेडानं त्याला पोखरलं होतं. डोळ्यांत अंजन घातलं की पायाळूला जमिनीखालचं दिसतं, म्हणून खड्ड्यात आधी पायाळूनं उतरायचं असतं. कस्तुरा लग्न होऊन आली त्या साली त्यानं कान्हे गावच्या एका विधवेचा पायाळू पोरगा, अंबाजी, असाच खाली उतरवला होता. वरून माती आली. दरड कोसळली असंच सगळ्यांनी सांगितलं. महिपती ढसाढसा रडला, तेरावं त्यानं आपल्या खर्चानं घातलं, आणि दिवाळी सरल्यावर त्याच खड्ड्याशेजारी पुन्हा कुदळ मारली. अंबाजीची आई पुढं कितीतरी दिवस त्याच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. बोलायची काही नाही. नव्या नवरीनं, कस्तुरानं, तिला पाणी नेऊन दिलं होतं, आणि त्या बाईनं तांब्या हातात धरून तसाच ठेवला होता.

म्हणून कंबर बरी करायची होती ती लीलाबाईच्या वाटेनं. सासूनं पायाळू शोधायच्या आत.

कसरतीला गुण येत होता. उठताना भिंत धरावी लागेना. दळताना जातं हलकं वाटू लागलं. एका सकाळी ती कुशीवर पडली होती आणि बाळ पाठीमागे खेळत तिच्या कंबरेवर टाचा आपटत होतं. डोळे उघडले तर दारात झुंबरबाई उभी. सुनेची कंबर, नातवाच्या टाचा, तिनं सगळं निरखून पाहिलं आणि काही न बोलता ती चुलीकडे गेली. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

पुढं काही दिवसांनी कस्तुरानं विहिरीवर पाण्यानं भरलेला हंडा उचलला. गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून. त्यावर मातीची घागर चढवली. कळ आली नाही. तिला इतका आनंद झाला की चढावर ती चक्क गुणगुणत आली. विहिरीवरच्या बाया आपल्याकडे बघून कुजबुजताहेत हे तिनं पाहिलं. पण बायांचं काय, कुजबुजायलाच त्या पाण्याला येतात.

घराच्या ओटीवर अंबूबाई पालथी पडली होती.

शेजारची म्हातारी अंबूबाई, पाठ उघडी टाकून, गाल जमिनीला लावून. बाजूला आणखी दोघी वाट बघत बसलेल्या. झुंबरबाईनं बाळाला काखेत धरून त्याचे पाय अंबूबाईच्या कंबरेवर टेकवले होते, आणि बाळ खिदळत होतं. खांबाला टेकून महिपती बसला होता. त्याच्या मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं.

"या म्हाराणी!" झुंबरबाई आनंदानं ओरडली. "माज्यापासनं बी लपवलंस व्हय गं? देवानं पायाळू नातू दिला आन् सून तोंडाला कुलूप लावून बसली!"

कस्तुरा डोक्यावरचा भार न उतरवताच पुढं झाली.

"कोन म्हनतं पायाळू हाय म्हनून?"

"हातच्या कंकनाला आरसा कशाला? परवा भिताड धरून उठत हुतीस, आन् आज डोईवर हंडा! बिब्ब्यानं न्हाई, शेकानं न्हाई. पोराच्या टाचा लागल्या आन् कंबर सुटली. म्या माज्या डोळ्यांनी बगितलं."

"त्याचा गुन न्हाई, आत्याबाई. लोनावळ्याच्या नर्सबाईनं कसरत शिकवलीया. ती करतीया म्या रोज."

अंबूबाई पडल्या पडल्या हसली. "हातपाय हालवून कंबर बरी व्हती व्हय? मंग आमी जलमभर भात लावतोय, आमची कशानं गेली गं?"

सगळ्या हसल्या. महिपती हसला नाही.

"खरं बी आसंल तिचं," तो मऊ आवाजात म्हणाला. "पर मंग दार लावून का करत हुतीस, पोरी? चांगल्या कामाला कडी कशाला?"

याला खरं उत्तर साधं होतं, लाज वाटली. पण ते तिच्या ओठांवर आलं तेव्हा तिचं तिलाच खोटं वाटलं, आणि ती गप्प राहिली. ती गप्प राहिलेली महिपतीनं नीट पाहून घेतली. मग त्यानं फडकं सोडलं. आत चांदीचे वाळे होते. बाळाचा एक पाय हातात घेऊन त्यानं वाळा चढवला, मग दुसरा, आणि अंगठ्यानं टाच हळूच चोळत राहिला.

"गुनाचं पाय हाईत," तो म्हणाला. "जरा चालाय लागू दे. मंग एकदा गडाखाली नेऊ त्येला. उगं आपलं दाखवाया."

कस्तुराच्या डोक्यावरची घागर आधी फुटली. हंडा दणकन पडून गडगडत पायरीशी गेला. ती कंबर धरून खाली कोसळली आणि तिनं असा टाहो फोडला की बाळानंही भोकाड पसरलं.

"गेली गं! कंबर गेली माजी!" ती विव्हळली. "कुटलं पाय आन् कुटला गुन! पायाळू आसता तर पुन्यांदा मोडली आसती व्हय?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. अंबूबाई उठून बसली, तिनं चोळी खाली ओढली.

"तसं माजं बी दुकतंच हाय म्हना," ती कुरकुरली. बाकीच्या दोघींना घरची कामं आठवली. झुंबरबाईचं तोंड एवढंसं झालं. कस्तुराला तिची कीवच आली, पण ती कण्हत राहिली.

ओटी रिकामी झाली. महिपती मात्र जागचा हलला नाही.

"हंडा तेवढा उचल गं," तो म्हणाला. "दारात लवंडलेला बरा दिसत न्हाई."

"ऱ्हाऊ दे की भावजी, म्या उचलते," झुंबरबाई म्हणाली.

"उचलू दे तिला."

कस्तुरा भिंत धरत उठली, वाकडी होत पायरीपर्यंत गेली. आडव्या हंड्याच्या पोटात अजून बरंच पाणी राहिलं होतं. ती पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत वाकू लागली, आणि अर्ध्यातच तिला मानेवर त्याची नजर जाणवली. दुखऱ्या कंबरेची बाई अशी वाकत नाही. अशी वाकते ती शिकलेली, बरी झालेली. तिनं गुडघे पुन्हा ताठ केले, कंबरेतून सरळ खाली वाकून हंडा धरला आणि हिसका देऊन उचलला. आत काहीतरी लचकलं. या वेळी ओरडायला तिला सोंग करावं लागलं नाही.

महिपती उठला. त्यानं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. झुंबरबाई वाळे काढू लागली तसा त्यानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ देत पायात. बाळंतिनीचीच कंबर ती. आज ना उद्या सुटंलच की," तो मऊ आवाजात म्हणाला. "सुटली म्हंजी निरोप धाडा."

पायऱ्या जपून उतरत तो वाटेला लागला. कस्तुरा हंडा धरून तशीच वाकून उभी होती, तो वळणाआड जाईपर्यंत आणि नंतरही. आजीच्या कडेवर बाळाचं रडं थांबलं. त्यानं टाचा आपटल्या, वाळे वाजले. ती सरळ झाली नाही.