काढून घ्यावं लागेल

वच्छलाला चाळिशी उलटल्यावर दिवस गेले, आणि तेही कधी, तर लेकीला दिवस गेलेले असताना. आता यात त्या बिचारीचा काय गुन्हा? पण सावली गावच्या बायांना कोण सांगणार. विहिरीवर घागर टेकवली की एकीचा तरी प्रश्न ठरलेला, "काऊन वं, पयले कोनाचं बाळंतपण करतेस, पोरीचं का तुझं?" वच्छला हसण्यावारी न्यायची आणि घरी आली की पदर पोटावर ओढून भिंतीकडे तोंड करून बसायची. जावई दारात आला तर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लाज असो, लाजेनं कोणी मरत नाही. तिला खरं खात होतं ते दुसरंच. सुगंधा पहिली, ती चांगली ठणठणीत झाली, वाढली, नांदायला गेली. तिच्यानंतर वच्छलाला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. जन्मताना पाहावं तर गोरीगोमटी, दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, मग अंग पिवळं, मग दूध ओढेनाशी व्हायची आणि मान टाकायची. गाव म्हणायचं, हिच्या कुशीला पिवळी लागली. कावीळ उतरवणारा झाला, अंगारा झाला, गळ्यात ताईत झाला. नवरा सोमाजी याने सांगाल ते केलं, आणि तिन्ही वेळा त्यानेच फडक्यात गुंडाळलेलं पोर नदीकडे नेऊन मातीत ठेवलं. मग कूसच बसली. वच्छलाने मनाची समजूत घातली, की चला, आता निदान मरायला तरी कोणी जन्मणार नाही.

आणि इतक्या वर्षांनी हे. पोटात पहिल्यांदा हललं तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हात थांबला. आनंद झाला, खोटं कशाला बोला, अगदी पोरीसारखा आनंद झाला. हे एक तरी हाती लागू दे, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं. ही शेवटची संधी आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सुगंधानेच हट्ट धरला की माय, यावेळी अंगारे पुरे झाले, माझ्याबरोबर चांद्याच्या दवाखान्यात चल. चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि तिकडची माणसं इकडे नेमणुकीवर यायला लागली होती. दवाखान्यातली डॉक्टरीणही अशीच पुण्याकडून आलेली. दाबकेबाई नाव. विलायतेत शिकलेली, वयाने सुगंधाहून थोडी मोठी, बोलणं गोड पण भरभर. मायलेकी मूल गावच्या स्टेशनावर जाऊन छोट्या आगगाडीत बसल्या आणि चांद्याला उतरल्या. सुगंधाचे पाय सुजलेले, ती बाहेर बाकावरच बसून राहिली. वच्छला एकटी आत गेली. तिथेच चुकलं, असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली.

दाबकेबाईंनी सगळी हकीकत नीट ऐकून घेतली, हे मात्र मानलं पाहिजे. तीन मुलं गेली म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवून वच्छलाच्या हातावर हात ठेवला. बोटाचं रक्त घेतलं, सोमाजीलाही एकदा बोलावून त्याचं घेतलं. मग पुढच्या खेपेला, सुगंधा तशीच बाहेर बाकावर असताना, समजावलं, की बाई, यात कुणाची नजर नाही की शाप नाही. तुमचं रक्त एका जातीचं, तुमच्या मालकांचं दुसऱ्या, आणि पोटातलं मूल बापाच्या रक्तावर गेलं की तुमचं रक्त त्याच्याशी भांडतं. वच्छला मान हलवत होती. जात वेगळी म्हणजे काय, दोघंही कुणबीच, असं तिला वाटलं, पण शिकलेल्या बाईला मधे कशाला टोका म्हणून ती गप्प बसली.

"तुमची तयारी असेल तर नागपूरला नेऊन सुईने पोटातलं थोडं पाणी काढून बघता येईल," दाबकेबाई म्हणाल्या. "सुई म्हटली की थोडा धोका असतोच, कधी कळा सुरू होतात, ते मी लपवत नाही. पण पाणी पिवळं निघालं तर मूल आधीच काढून घ्यावं लागेल. घरी विचार करा आणि मला सांगा."

एवढंच बोलणं. पुढे त्या रक्त बदलण्याबद्दलही काहीतरी म्हणाल्या, पण वच्छलाच्या कानात ते शिरलंच नाही. ती त्या एका शब्दापाशीच उभी होती. आता तुम्ही म्हणाल, शब्दात काय ठेवलंय. पण सावलीत 'काढलं' हा शब्द बाया आवाज खाली घेऊन बोलतात. कुठल्या विधवेचं पाऊल वाकडं पडलं, कुठल्या पोरीला लग्नाआधीच राहिलं, की मग कुठली तरी म्हातारी मुळी-पाला घेऊन येते, आणि चार दिवसांनी विहिरीवर कुजबुज होते की तिनं काढलं म्हणे. त्या शब्दाला तिथे दुसरा अर्थच नाही. वच्छला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. सुगंधाने विचारलं, काय म्हणाली बाई? वच्छला म्हणाली, रक्त कमी आहे म्हणे. लेक पहिलटकरीण, तिच्यासमोर असलं अभद्र कशाला बोलायचं.

नवऱ्याला मात्र तिने सांगितलं. सोमाजी सावलीच्या एका व्यापाऱ्याकडे धान पारखायला असायचा. बाजाराच्या दिवशी गाड्या येऊन लागल्या की हा परखी घेऊन उतरायचा. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती पोत्यात खुपसायची, बाहेर ओढायची, की आतलं धान खोबणीतून तळहातावर येतं. ते दाताखाली फोडायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं, चांगलं की भिजकं. मग परखीच्याच टोकाने तागाचे धागे सरकवून भोक बुजवायचं. सोमाजीचं भोक कधी गळत नसे, याचा त्याला फार अभिमान. तर त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसून परखीला तेल लावत होता, आणि वच्छलाने डॉक्टरणीचं सगळं बोलणं जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं.

सोमाजीने परखीचं टोक फडक्याने पुसलं. मग म्हणाला, सुई म्हणजे परखीच झाली की. पोत्यात काय आहे ते पोतं न फोडता कळते. त्याला त्यात वावगं दिसत नव्हतं. उलट त्याला ती युक्ती आवडलीच होती.

"मानूस परखी काऊन मारते, वच्छले? माल घ्याचा असते म्हनून मारते," तो म्हणाला. "ज्याले घ्याचाच नाई, तो पोत्याले हात बी लावत नाई."

"आन् धान खराब निघालं तं?" वच्छलाने विचारलं.

सोमाजीच्या हातातलं फडकं थांबलं. खराब निघालेल्या पोत्याचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. रोज तोच तर सांगायचा, हे बाजूला काढा. तो काही बोलला नाही, आणि वच्छलाने त्याचं न बोलणं हेच उत्तर धरलं.

"मले नाई पाह्याचं," ती म्हणाली. "पिवळं असो का कसं बी असो, माझं आहे. मी काढू देनार नाई."

झालं. तिच्या मनाने घेतलं ते घेतलं. खरं सांगायचं तर तिला त्यावेळी स्वतःचा थोडा गर्वसुद्धा वाटला. सगळी दुनिया एकीकडे आणि आपण आपल्या लेकराच्या बाजूने उभ्या आहोत, असं वाटून तिला रडू आलं आणि बरंही वाटलं. सुगंधा पुढच्या खेपेला एकटीच चांद्याला गेली. दाबकेबाईंनी तिच्याजवळ दोनदा निरोप दिला की आईला पाठवा, उशीर करू नका. वच्छलाने एकदा धान कापणीचं निमित्त सांगितलं, दुसऱ्यांदा कंबर दुखते म्हणून सांगितलं. सोमाजी एकदा भीत भीत म्हणाला, जाऊन तर ये, नुसतं भेटून ये. तिने असा काही तोंडाचा पट्टा सोडला की त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

पोर दिवस भरून घरीच झालं. मुलगी होती. चांगली रडली, पहिल्या दिवशी छातीला लागली, वच्छलाचं बोट धरून ठेवलं. सोमाजी दारातून सारखा विचारायचा, कशी आहे? आणि वच्छला म्हणायची, गोरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोरीला उजेडात धरलं आणि डोळे उघडून पाहिले. मग तिने पोरीला पदराखाली घेतलं. सोमाजीने विचारलं नाही. कावीळ उतरवणाऱ्याला बोलवायलाही यावेळी कोणी गेलं नाही. पुढे जे व्हायचं ते त्या घराला पाठ होतं, तसंच झालं, आणि सोमाजी चौथ्यांदा नदीकडे जाऊन आला.

या सगळ्याने जावई घाबरला आणि त्याने सुगंधाला बाळंतपणासाठी सरळ चांद्याच्या दवाखान्यात नेलं. वच्छला तिच्या उशाशी गेली. जाणार नाही कशी, आई होती. सुगंधाला मुलगा झाला, तांबूस, खणखणीत आवाजाचा. तो रडला की वच्छलाची चोळी भिजायची, कारण तिचं दूध अजून आटलं नव्हतं. ती नातवाला लेकीजवळ द्यायची आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने व्हरांड्यात जाऊन उभी राहायची.

तिथेच तिला नीलाबाई भेटली. चामोर्शीकडची शेतकऱ्याची बायको, वच्छलाहून चार वर्षांनी लहान असेल-नसेल, मांडीवर दोन-अडीच महिन्यांचं पोर. डॉक्टरणीला दाखवायला आणलं होतं. बायका बसल्या की बोलणारच. या वयात पोर झालं म्हणून वच्छलाने कौतुक केलं, आणि नीलाबाईने आपली कर्मकहाणी सुरू केली. पहिला मुलगा चांगला, त्याच्या पाठचे दोन पिवळे होऊन गेले. हे ऐकून वच्छलाने तिच्याकडे पाहिलं.

"मंग या डॉक्टरनीनं मले नागपूरले नेलं," नीलाबाई म्हणाली. "पोटात सुई घातली, पानी काढलं. पानी पिवळं निघालं. मंग आठव्याच महिन्यात काढलं."

"काढलं?" वच्छलाने आवाज खाली घेऊन विचारलं.

"हेच की. हेच काढलं," नीलाबाई म्हणाली आणि पोराला उचलून तिच्यापुढे धरलं. "पुरे दिवस ठेवलं असतं तं पोटातच जहर चढलं असतं म्हने. म्हनून लवकर काढून घेतलं, आन् याचं रक्त बदललं. हे पाय पाह्य, अजून सुईच्या खुना आहेत."

वच्छलाने त्या पोराचे पाय पाहिले. गुबगुबीत होते. पोर तिच्याकडे बघून हसलं. नीलाबाई आणखी बरंच सांगत होती, वच्छला हो हो म्हणत होती. काढून घ्यावं लागेल. घ्यावं. बाईने घ्यावं म्हटलं होतं, टाकावं नव्हतं म्हटलं. तो शब्द इतके महिने तिच्या कानात होता आणि तिने त्याचा पुढचा अर्धा भाग कधी ऐकलाच नव्हता. दाबकेबाई व्हरांड्यातून गेल्या, त्यांनी वच्छलाला ओळखलं, थबकल्या. रागावतील असं तिला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "मी वाट पाहिली तुमची."

घरी परतल्यावर सोमाजीने नातवाचं विचारलं. तिने सगळं सांगितलं, कोणावर गेलाय, कसा रडतो, किती दूध पितो. सांगता सांगता तिला थांबताच येईना. मग तिने नीलाबाईचं सांगितलं. हे नवऱ्याला सांगू नये असं गाडीत बसल्यापासून ती स्वतःला बजावत आली होती. त्याने चार पोरं मातीत ठेवली, त्याच्या जिवाला आणखी हा घोर कशाला. पण एवढं मोठं ओझं एकटीने उचलायला तिच्यात ताकद राहिली नव्हती.

परखी खुंटीला टांगलेली होती. सोमाजी त्या परखीकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हा म्हणेल, मी म्हटलं नव्हतं का, घ्यायसाठीच मारतात. म्हणायचा त्याला हक्कही होता. पण त्याने तसं काही म्हटलं नाही.

"त्या बाईले एक शब्द इचाराले पाह्यजे होता," तो म्हणाला. "काढून मंग काय करता, एवढंच."

वच्छलाने पदर पोटावर ओढून घेतला. आता तिथे झाकण्यासारखं काही राहिलं नव्हतं, नुसती सवय होती.

"समजलं नसतं तं इचारलं असतं," ती म्हणाली. "मले समजलं होतं ना."