चौथं बटण बंद होतं

मी एक जुना मिक्सर आहे. मित्रांनो, लगेच हसू नका. मिक्सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला, झाकण दाबून धरावं लागणारा, माझ्याच नावाचा तो गृहस्थ येतो, हे मला ठाऊक आहे. तो वाटण करतो, मी आवाज एकत्र करतो. त्याने कामाला सुरुवात केली की साऱ्या घराला कळतं. मी काम करत असताना मी आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. काळ्या पत्र्याचा डबा, तुमच्या कंपासपेटीहून थोडा मोठा. पाठीला चार भोकं आवाज आत यायला आणि एक बाहेर जायला. पुढच्या अंगाला चार गोल बटणं, प्रत्येक भोकाचं एक. बटण उजवीकडे फिरवलं की त्या भोकातला आवाज मोठा होतो, डावीकडे पार फिरवलं की बंद. थोडक्यात, मला कान चार आणि तोंड एक, पण स्वतःचा शब्द एकही नाही. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा वाजवून पाहिलं, "चालतोय" म्हणाल्या आणि खोक्यात घातलं. माझं पहिलं कौतुक तेवढंच.

मी ज्या घरी गेलो तिथे माझ्यासाठी ओट्यावर जागा रिकामी करून ठेवली होती. दादांनी घरी फक्त "मिक्सर मागवलाय" एवढंच सांगितलं होतं. वहिनींनी खोकं उघडलं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, याचं भांडं कुठाय?"

"वहिनी, तो माझा आहे," आतल्या खोलीतून उत्तर आलं. "तुमचा पुढच्या वेळी."

ती बेबीताई, दादांची धाकटी बहीण. केस पांढरे व्हायला लागले तरी घरात ती बेबीच होती. लहानपणीच तिची दृष्टी गेली होती. त्या आतल्या खोलीत बसून ती बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि एका कार्यालयासाठी ती शब्दन् शब्द टाइप करून द्यायची.

तिच्या टेबलावर बोलणारे चौघे होते. संगणक, जो तिने टाइप केलेलं प्रत्येक अक्षर घाईघाईने वाचून दाखवायचा. रेकॉर्डर, ज्यात बैठकीतले लोक एकमेकांना मधेच तोडत बोलायचे. फोन, ज्यावर कार्यालयातल्या मॅडम दिवसा कधीही नवं काम सांगायच्या. आणि रेडिओ. मी येण्याआधी चौघे आपापल्या तोंडाने बोलायचे आणि बेबीताईची त्यात नुसती ओढाताण व्हायची. माझ्यामुळे चौघांच्या वायरी माझ्या पाठीत आल्या आणि सगळे आवाज समोरच्या दोन स्पीकरांमधून नांदू लागले.

वायरी ओळखायची तिची एक रीत होती. तिने प्रत्येक वायरीला जाड सुती दोरा बांधला होता. संगणकाच्या दोऱ्याला एक गाठ, रेकॉर्डरच्या दोन, फोनच्या तीन. रेडिओच्या दोऱ्याला गाठच नव्हती, कारण तो बिनकामाचा, असं ती म्हणायची. वायर लावली की फोनची घंटा माझ्यातूनच वाजायची, म्हणून माझं तिसरं बटण कायम उघडं असे. चौथं, रेडिओचं, ती कामाच्या वेळी पार बंद करायची आणि संध्याकाळी उघडायची.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं होती. पण खरं सांगू का, त्या खोलीत एकटेपणा फार होता. घरची माणसं वाईट नव्हती. वहिनी दारातून "वन्सं, चहा" म्हणत कप ठेवायच्या आणि जायच्या. दादा "बरी आहेस ना?" विचारायचे आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत पुढे गेलेले असायचे. बाकी त्या खोलीत जे काही बोललं जायचं ते माझ्यातून, वायरीतून. माणसाचं बोलणं ऐकायला तिला बटण फिरवावं लागायचं, याचं मला वाईट वाटे.

एकदा दादा तिला दात दाखवायला घेऊन गेले. मागे वहिनींनी मनावर घेतलं आणि तिचं टेबल आवरायला काढलं. त्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी साऱ्या वायरी उपटल्या, ओल्या फडक्याने पुसल्या. ते मळकट दोरे पाहून त्यांना कसंसंच झालं. बारीक गाठी नखांनी सुटेनात, तेव्हा कात्री आणली आणि चारही दोरे कापून टाकले. मग वायरी परत खोचल्या. पहिल्या दोन आठवणीने बरोबर लागल्या. फोनची मात्र चौथ्या भोकात गेली आणि रेडिओची तिसऱ्या.

बेबीताई आली, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वहिनी, दोरे कुठे गेले?"

"मळले होते हो, काढले. सगळं होतं तस्संच लावलंय. केवढं छान दिसतंय आता."

बेबीताईने संगणक लावला, तो बोलला. रेकॉर्डर लावला, तोही बोलला. तिची बोटं तिसऱ्या वायरीपर्यंत जाऊन थांबली. आता आणखी तपासलं तर वहिनींना वाईट वाटेल, असं तिला वाटलं असणार. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "छान केलंत."

संध्याकाळी तिने रेडिओ लावला आणि सवयीने चौथं बटण उघडलं. रेडिओ वाजला, कारण तो ज्या तिसऱ्या भोकात होता त्याचं बटण उघडंच होतं. मग वहिनींच्या बहिणीचा तिच्या फोनवर फोन आला, तोही ऐकू आला, कारण चौथंही तेव्हा उघडं होतं. चुकलंय असं कळायला जागाच नव्हती. रात्री तिने रेडिओ बंद केला. सकाळी सवयीने चौथं बटण पार बंद केलं आणि ती कामाला बसली.

दुपारी कार्यालयातून फोन आला. मित्रांनो, तो माझ्या पोटात वाजत होता. घंटा माझ्या पाठीतून आत शिरली, बंद बटणापाशी येऊन थांबली आणि तिथेच विझली. पुन्हा आली, पुन्हा विझली. बेबीताई हातभर अंतरावर बसली होती. मला ओरडायचं होतं, पण मी कसा ओरडणार? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हातातलं काम संपवून ती स्वस्थ बसून राहायची आणि स्वतःशीच म्हणायची, "आज काहीच काम नाही वाटतं."

मग मॅडमनी दादांना फोन केला. काम तातडीचं होतं, ताई फोन उचलत नव्हत्या, म्हणून ते दुसऱ्या कुणाला दिलं आणि यापुढेही तिकडेच देऊ, असं त्यांनी सांगितलं. दादा खोलीत आले आणि चक्क खुर्ची ओढून बसले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "जाऊ दे बेबी. फोन बिघडला असेल. आता कशाला ही दगदग? आराम कर. आम्ही आहोत ना."

"तुम्ही आहात रे दादा," ती म्हणाली. "मी कुठे आहे?"

दादा उठले, त्यांनी खुर्ची परत जागेवर ठेवली आणि ते गेले.

त्यानंतर तिने संगणक लावला नाही, रेडिओसुद्धा लावला नाही. ती पलंगावर बसून असे आणि मी टेबलावर. माझ्या चारही कानांत नुसती शांतता. आवाज नसला की मी केवळ एक डबा असतो, हे मला तेव्हा कळलं. तिचंही तसंच झालं असावं, कारण वहिनींनी चहा आणला तरी ती कप गार होईपर्यंत हात लावत नसे.

एके सकाळी वहिनी धूळ झटकायला आल्या. त्यांच्या हातातलं फडकं माझ्या चौथ्या बटणात अडकलं आणि ते फिरलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळाने कुणा अनोळखी माणसाचा चुकून लागलेला फोन आला आणि घंटा खोलीभर खणखणली. दोघीही दचकल्या. बेबीताई उठली, चाचपडत माझ्याजवळ आली. तिने तिसरं बटण बंद केलं. घंटा चालूच. चौथं बंद केलं. घंटा थांबली. तिने ते पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं आणि तिथेच उभी राहिली.

वहिनींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीतल्या वायरींकडे. "वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "ते दोरे म्हणजे खुणा होत्या का हो?"

"हो."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या हौसेने आवरलं होतंत. आणि बोलायचं तरी कधी, वहिनी? तुम्ही दारातूनच जाता."

वहिनी पलंगावर बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून साडी बदलायला गेल्या. त्याच दिवशी दोघी त्या कार्यालयात जाऊन आल्या. तिथे काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. वहिनींनी मॅडमसमोर सगळी चूक आपल्या अंगावर घेतली होती. मॅडम म्हणाल्या, काम आहे, पण आता घरी देत नाही, इथे येऊन बसावं लागेल. दादा म्हणाले, "रस्ते, गर्दी, कसं जमणार?" वहिनी म्हणाल्या, "जमेल. मी सोडून येईन. पुढे त्या त्यांचं बघतील."

आता बेबीताई रोज कार्यालयात जाते. तिथे तिला कानांवर लावायची नवी साधनं दिली आहेत. संध्याकाळी परत आली की वहिनी तिच्या खोलीत येऊन बसतात, आणि दोघींचं बोलणं बराच वेळ चालतं. त्या बोलण्याला वायर लागत नाही. तिचा फोन तिच्या पिशवीत असतो, संगणक दादांनी बाहेरच्या खोलीत नेला. माझ्या पाठीची चारही भोकं रिकामी आहेत. मला तिच्यासाठी आनंद वाटतो आणि फार एकटंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची वस्तू मळकी, गुंतलेली, वेडीविद्री दिसली तर ती जरूर पुसा. पण आधी त्या माणसाला विचारा. तो घरी नसेल तर थांबा. त्याला काय हवं ते त्याच्याजवळ बसून ऐका, कारण माझ्यासारख्याला ते सांगता येत नाही.

परवा दुपारी वहिनी फडकं घेऊन खोलीत आल्या. माझ्याकडे हात नेला आणि मधेच थांबवला. पदराला हात पुसून त्यांनी आपला फोन काढला आणि कार्यालयात लावला.

"वन्सं, कामात आहात का? काही नाही, टेबल पुसतेय. तुमचा मिक्सर जरा उचलू का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. वहिनी "बरं" म्हणाल्या, फोन बाजूला ठेवला आणि मला दोन्ही हातांनी उचललं.