समुद्रातून बाहेर येण्याची अट

उन्हाळ्यात आमच्या गावात कुणी कुणाला ‘कशी आहेस?’ म्हणून विचारत नाही. ‘कितवी?’ विचारतात. कितवी म्हणजे समुद्रातली कितवी डुबकी. खांदे भिजले तरच ती मोजायची, आणि मोसम विषम आकड्यावरच संपवायचा, नाहीतर हिवाळाभर सांधे सूड उगवतात. ह्याला आधार काय, असं एका तरुण डॉक्टरने एकदा विचारलं होतं. कप्तान मिल्तोस त्याला म्हणाला, “माझं वय एक्क्याऐंशी. हृदयाच्या दोन झडपा बदलल्यात, डाव्या पायाची दोन बोटं साखरेने खाल्लीत, आणि मी तुझ्यासमोर पोहतोय. अजून कसला आधार पाहिजे?” डॉक्टर बिचारा टॉवेल घेऊन निघून गेला.

यंदा जुलैच्या शेवटी कप्तान एकोणतिसावर होता, एव्हान्थिया एकतिसावर, आणि मी शून्यावर.

मी पोलिक्सेनी. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं बसच्या तिकीट-खिडकीत बसून मी लोकांवर ओरडले, त्यामुळे फुफ्फुसं ठणठणीत आहेत. बाकीचा माल यथातथाच. मधुमेह बावीस वर्षांचा, हृदय मनात येईल तेव्हा ठेका बदलतं, आणि ईस्टरपासून खुब्यात एक पोलादी सळई. पडले कशी, तर गावाला मी सांगितलं की गुड फ्रायडेला, चर्चच्या पायरीवरून, हातात मेणबत्ती असताना. खरं म्हणजे पडदे काढायला खुर्चीवर चढले होते, आणि शेजारणीच्या अंगणात कोणाची गाडी उभी आहे ते दिसावं म्हणून जरा जास्तच वाकले. पडले तरी नाक वर!

माझी मुलगी फोतिनी लारिसा शहरात असते. विमा कंपनीत आहे, त्यामुळे तिला जिकडेतिकडे अपघातच दिसतात. जुलैच्या शेवटच्या रविवारी ती पुठ्ठ्याची खोकी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “आई, आता तू माझ्याकडे यायचंस. खोली रंगवून घेतलीय.”

“कोणता रंग?”

“पिस्ता.”

“मग तर नाहीच.”

“थट्टा पुरे झाली. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, व्यायाम घ्यायला बाई घरी येईल. इथे तुझं कोण आहे?”

“लारिसात समुद्र कुठाय?”

“आई, तू तीन तास फरशीवर पडून होतीस! तीन तास! मासेवाल्याने भोंगा वाजवला आणि तू भाव करायला बाहेर आली नाहीस, म्हणून त्याला संशय आला. नाहीतर?”

त्या तीन तासांत मला फ्रिजखाली किती कचरा साठलाय ते समजलं, असं मी सगळ्यांना हसत सांगते. पण मी घाबरले होते. उठता येत नाही म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून खाली पडलेला चमचासुद्धा मी पायाने कोपऱ्यात सारते. हे फोतिनीला मी सांगणार नव्हते.

“बरं,” मी म्हणाले. “मी आपली आपण समुद्रात गेले आणि आपली आपण बाहेर आले, तर?”

तिने माझ्या काठीकडे पाहिलं. “पंधरा ऑगस्टला चर्चच्या सणाला मी येतेच आहे. माझ्यासमोर जायचं. आत जाताना काय हवं ते कर. पण बाहेर येताना कोणी हात द्यायचा नाही, बोटही लावायचं नाही, मीसुद्धा नाही. काठी नाही, दोर नाही. आलीस बाहेर तर राहा इथेच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलीस तर त्याच संध्याकाळी गाडीत बसायचं.”

“मंजूर.”

तिला वाटलं, प्रश्न मिटला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

कारण आमच्या किनाऱ्यावर आत जाणं कोणालाही जमतं. पडलात तरी आतच पडता. पाण्यात मी पंचवीस वर्षांची असते. खुबा दुखत नाही, गुडघे भांडत नाहीत, जिभेला तर मोकळं रान. पण बाहेर येताना कमरेपाशी वजन परत येतं, मांड्यांपाशी दुखणी परत येतात आणि गुडघ्यांपाशी वय. तिथेच नेमका चढ आहे, चार-पाच पावलांचा, सगळा गोट्यांचा. पाय ठेवला की गोटे खाली सरकतात आणि त्यांच्यासोबत आपणही.

पहिल्या आठवड्यात मी किनाऱ्याच्या कडेला, पोटरीभर पाण्यातच प्रयोग केले. आडवी चालले, पडले. उलटी चालले, पडले. कप्तान झाडाला दोर बांधून त्याला धरून बाहेर येतो, पण दोर अटीत बसत नव्हता. त्याने दुसरा उपाय सांगितला, “लाटेची वाट बघ. ती ढकलेल.” लाटेने ढकललं खरं, पण तोंडावर. नाकात पाणी, तोंडात वाळू, आणि वरून कप्तानचा आवाज, “छान! नुसती दिशा सुधार!” दर वेळी कोणीतरी बखोटीला धरून मला उचलायचं. खांदे काही भिजत नव्हते, म्हणजे इतकं करून आकडा शून्यच.

कोणाचा हात न धरता बाहेर येणारी एकच बाई आमच्यात होती, म्हणजे एव्हान्थिया, आणि ती सरळ येत नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, संधिवाताने बोटं एका बाजूला झुकलेली, एक गुडघा कृत्रिम. ती उथळ पाण्यात आली की पालथी व्हायची आणि डोक्यावरची गवती टोपी न हलवता चक्क रांगत बाहेर यायची. कोरड्या गोट्यांवर पोचली की एक पाय पुढे, हात मांडीवर, आणि उभी. आठ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा पाहून मी भर किनाऱ्यावर ओरडले होते, “अरे बघा, कासवीण अंडी घालायला आली!” नाव चिकटलं. गावभर झालं. एकदा तर पाद्रीबाबांच्या तोंडूनही निसटलं.

पाच ऑगस्टला मी भरल्या टोमॅटोंचं ताट घेऊन तिच्या दारात उभी राहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

तिने उभ्याउभ्याच एक टोमॅटो खाल्ला. “मीठ कमी आहे.”

“मला मीठ बंद आहे.”

“मला नाही.”

“एव्हान्थिया, मला बाहेर यायला शिकव.”

“मी कशाला? चालत ये की. तूच म्हणायचीस ना, माणसाने माणसासारखं बाहेर यावं?”

“म्हणायचे.”

“आठ वर्षं, पोलिक्सेनी. गेल्या वाढदिवसाला माझ्या सुनेने मला फ्रिजला चिकटवायचं कासव दिलं. प्रेमाने दिलं गं! तिला वाटलं, मला आवडतं.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. “चुकलं माझं,” मी म्हणाले. हे शब्द मी नवऱ्यालाही कधी म्हटले नव्हते, आणि तो तर बारा वर्षांपूर्वी गेला.

तिने दुसरा टोमॅटो उचलला. “खाली बस.”

“खुर्ची कुठाय?”

“खाली म्हटलं. फरशीवर.”

“फरशीवर मी बसणार नाही.”

“मग लारिसाला जा. पिस्ता रंग डोळ्यांना थंड असतो म्हणतात.” रंगसुद्धा गावभर झाला होता.

मी बसले. बसले म्हणजे टेबलाला धरून हळूहळू उतरले, विहिरीत उतरावं तशी. मग तिने तंत्र सांगितलं. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, दोन्ही हात, दोन्ही गुडघे, दम खायचा. मग चांगला पाय पुढे, मोडका मागे, हात चांगल्या मांडीवर, श्वास सोडत वर. श्वास कोंडायचा नाही, हृदयाला राग येतो. पहिल्या दिवशी मला अकरा मिनिटं लागली आणि माहीत असलेल्या सगळ्या संतांना हाका मारून झाल्या. एकही आला नाही. त्यांचेही गुडघे गेले असतील.

“तू हे किती वेळा करतेस?” मी धापा टाकत विचारलं.

“रोज दहा वेळा. अठरा वर्षं. मुलाने लांब दांड्याचं पुसणं आणून दिलंय, त्यावर मी ओरेगानोच्या जुड्या वाळत घालते. फरशी हातानेच पुसते. डॉक्टर म्हणाला होता, दोन वर्षांत चाकांची खुर्ची. मी म्हटलं, आण, तिच्यावर कुंड्या ठेवते.”

“दुखत नाही?”

“दुखतं की. न करताही दुखतं. मग फरशी तरी स्वच्छ होते.”

तिसऱ्या दिवशी मी जमिनीवर असताना ती खोलीबाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. मी हाका मारल्या. “गॅसवर कॉफी आहे,” ती पलीकडून म्हणाली, “उतू जाईल.” मला फ्रिजखालचा तो अंधार आठवला. डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या आईचा उद्धार केला, आजीचा केला, मग नावं संपली आणि मी कुशीवर वळले. दार उघडलं तेव्हा मी उभी होते, भिंतीला टेकून, घामाने भिजलेली. तिने कॉफी पुढे केली. बिनसाखरेची, कडू जहर. मी सगळी प्यायले.

त्यानंतर आम्ही गोट्यांवर गेलो. चौदा तारखेपर्यंत माझ्या पाच डुबक्या झाल्या. पाचातून तीन वेळा मी आपली आपण बाहेर आले, दोनदा कप्तानने ओढून काढलं.

पंधरा ऑगस्टला प्रार्थना संपली आणि अख्खं गाव सणाच्या कपड्यांत किनाऱ्यावर लोटलं. कोणी कोणाला सांगितलं होतं, देव जाणे. पाद्रीबाबा होड्या बघायला आलोय असं दाखवत होते. फोतिनी पांढरा झगा आणि टाचांचे बूट घालून गोट्यांवर डगमगत उभी होती. ती सोडून बाकी सगळे खुशीत होते.

“ए पोरी,” कप्तानने पाण्यातून तिला ओरडून सांगितलं, “आजची हिची सहावी! सम आकड्यावर बाईला गावाबाहेर नेता येत नाही हं!”

“काका, तुम्ही मध्ये पडू नका!”

मी आत गेले, खांदे भिजवले, थोडी तरंगले. पाणी इतकं छान होतं की दोन मिनिटं मी सगळं विसरले. मग किनाऱ्याकडे वळले आणि ते एवढे चेहरे दिसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मनात आलं, आज एवढ्या लोकांसमोर सरळच जावं, ताठ, दोन पायांवर. दोन पावलं गेलेही. तिसऱ्याला गोटा सरकला आणि मी धपकन पाण्यात बसले. किनाऱ्यावर ‘आई गं!’ असा एकच आवाज झाला. फोतिनी पाण्यात धावली, घोट्यापर्यंत आली आणि थबकली.

“नाटकं पुरे!” मागून, पाण्यातून एव्हान्थियाचा आवाज आला. “हात खाली टेक!”

मी वळले, हात टेकले, गुडघे टेकले आणि निघाले. फुलाफुलांचा पोहण्याचा पोशाख, अंगावर समुद्राचं गवत, आणि समोर सगळं गाव, सगळ्यांचे चकाकते बूट माझ्या नाकासमोर. कोणीतरी फिसकन हसलं.

“कोण हसलं रे ते?” एव्हान्थिया गरजली. “तुझं हाड मोडू दे एकदा, मग मी येते हसायला!”

पुन्हा कोणी हसलं नाही. गोटे गुडघ्यांत रुतत होते. एक हात, एक गुडघा, दम. एक हात, एक गुडघा. कोरडे गोटे लागले तेव्हा ते तव्यासारखे तापलेले होते. चांगला पाय पुढे घेतला, हात मांडीवर ठेवला, श्वास सोडत वर यायला गेले, आणि अर्ध्यात अडकले. वर जाता येईना, खाली जाता येईना. मांडी थरथरायला लागली. झालं, मला वाटलं. संपलं.

मान उचलून पाहिलं तर फोतिनी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. बूट भिजलेले, झग्याची कड भिजलेली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. इतके दिवस मला वाटत होतं, हिला मी हरायला हवी आहे. पण माझा गुडघा ताणला की तिचा ताणत होता, मी श्वास सोडला की ती सोडत होती. ती माझ्याबरोबर उठत होती. मी तिला जन्म दिला तेव्हासुद्धा आम्ही दोघींनी मिळून एवढा जोर लावला नसेल.

मी उभी राहिले.

“सहा!” कप्तान पाण्यातून ओरडला.

“आले,” मी म्हणाले.

“आलीस,” फोतिनी म्हणाली. “राहा इथेच. मी काही बोलणार नाही.”

“मग ते हात का धरून ठेवलेस?”

“सोडले तर तुला धरीन.”

“मग धर की, बाई. अट बाहेर येईपर्यंतचीच होती.”

तिने असं धरलं की माझी अंगठी बोटात रुतली. दुखत होतं, पण मी तिला हात सैल कर म्हणाले नाही. आम्ही तशाच, लोकांतून वाट काढत, रस्त्यापर्यंत चालत गेलो.